जिल्ह्याची क्षयरोग नोंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात क्षयरोगाच्या, म्हणजे टीबीच्या नोंदी राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर ठेवल्या जातात. खालचे प्रश्न रुग्ण, नातेवाईक, खासगी डॉक्टर, ग्रामपंचायत सदस्य आणि नव्याने रुजू झालेले आरोग्य कर्मचारी सतत विचारतात. काही उत्तरे लांबली आहेत, कारण नेमके तिथेच रुग्ण यंत्रणेच्या हातून निसटतात.

टीबीच्या रुग्णाची नोंद नेमकी कोण ठेवते?

जबाबदारी जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची, पण प्रत्यक्ष काम खालच्या पातळीवर होते. साधारण तालुक्याला एक क्षयरोग पथक असते. तिथे वैद्यकीय अधिकारी, वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक (ज्यांना सगळे एसटीएस म्हणतात) आणि प्रयोगशाळा पर्यवेक्षक असतात. त्यांच्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि घरोघरी जाणाऱ्या आशा. मोठ्या महानगरपालिकांची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे 'जिल्ह्याचा आकडा' कोणी सांगितला की त्यात शहर धरले आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

२०१२ पर्यंत सगळा कारभार कागदी रजिस्टरांवर चाले आणि वर फक्त तिमाही बेरजा जात. त्या वर्षी 'निक्षय' ही ऑनलाइन प्रणाली आली आणि बेरजेऐवजी प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद होऊ लागली. २०१८ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. प्रयोगशाळेतले कागदी रजिस्टर मात्र आजही आहे, आणि ते असणे किती उपयोगी पडते ते पुढे येईलच.

निक्षय क्रमांक मिळाला म्हणजे टीबी झाला असे समजायचे का?

नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, छातीच्या एक्स-रेत दोष, यांपैकी काही आढळले की ती व्यक्ती 'संशयित' म्हणून नोंदवली जाते आणि तेव्हाच क्रमांक तयार होतो. तपासणीत टीबी निघाला नाही तर नोंद तिथेच बंद होते. मोबाइलवर संदेश आला म्हणून घाबरून जाऊ नका, आणि तपासणी अर्धवटही सोडू नका.

उपचार खासगी डॉक्टरकडे चालू आहेत. तरी सरकारकडे नोंद करावी लागते का?

हो. ७ मे २०१२ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने क्षयरोग हा कळवणे बंधनकारक असलेला आजार झाला. मार्च २०१८ च्या अधिसूचनेत डॉक्टर, रुग्णालये, प्रयोगशाळा आणि औषध दुकानदार या सगळ्यांवर ती जबाबदारी टाकली गेली आणि न कळवणाऱ्यांसाठी भारतीय दंड संहितेच्या २६९ व २७० या कलमांचा आधार दिला गेला. आता भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा २७१ आणि २७२ या कलमांनी घेतली आहे.

नोंद केली की रुग्ण सरकारी दवाखान्यात पाठवावा लागतो, हा गैरसमज बऱ्याच डॉक्टरांच्या मनात असतो. तसे काही नाही. रुग्ण त्याच डॉक्टरकडे राहू शकतो. उलट मोफत तपासणी, मोफत औषधे, पोषणाचे पैसे आणि घरातल्यांची तपासणी हे सगळे त्याला नोंद झाल्यावरच मिळते. नोंद कळवल्याबद्दल आणि पुढे उपचाराचा निकाल कळवल्याबद्दल खासगी डॉक्टरांना मानधनाची तरतूदही आहे. शिक्षेची भीती दाखवण्यापेक्षा रुग्णाला काय मिळेल हे डॉक्टरांना समजावून सांगितले तर जास्त नोंदी येतात, असे माझे मत आहे.

औषध दुकानदाराने काय लिहून ठेवायचे?

टीबीची औषधे मार्च २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत, आणि दिल्यावर डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे. एखाद्या तालुक्यात खासगी दुकानांतून औषधे भरपूर विकली जात असतील आणि तिथून खासगी नोंदी मात्र मोजक्याच येत असतील, तर कुठले दवाखाने कळवत नाहीत हे या रजिस्टरवरून शोधता येते.

रुग्णाच्या नोंदीत काय काय असते?

नाव, वय, लिंग, पत्ता आणि मोबाइल हे उघडच आहे. त्यापुढे आजार फुप्फुसाचा की शरीराच्या दुसऱ्या भागाचा, रुग्ण नवा की पूर्वी उपचार घेतलेला, कोणत्या तपासणीने निदान झाले, रिफॅम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतात की नाही, एचआयव्ही आणि मधुमेहाची तपासणी, तंबाखू व दारूचे सेवन, वजन, उपचार सुरू झाल्याची तारीख, पाठपुराव्याच्या तपासण्या, बँक खाते आणि शेवटी उपचाराचा निकाल.

यातला 'पूर्वी उपचार घेतलेला' हा रकाना सगळ्यात जास्त चुकतो. पूर्वी टीबी झाला होता का, असे थेट विचारले की लोक नाही म्हणतात. कधी लाजेने, कधी भीतीने. त्याऐवजी 'याआधी कधी महिनाभर गोळ्या किंवा इंजेक्शने घेतली होती का, लघवी लाल व्हायची का' असे विचारले की खरे उत्तर मिळते. रिफॅम्पिसिनने लघवीचा रंग लालसर होतो आणि ते माणसाच्या लक्षात राहते. ही माहिती महत्त्वाची आहे, कारण अर्धवट उपचार झालेल्या रुग्णात औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचा धोका जास्त असतो.

थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी टीबी म्हणून नोंद झाली. चूक आहे का?

चूक असेलच असे नाही. सूक्ष्मदर्शक, कल्चर किंवा सीबीनॅट व ट्रूनॅट यांसारख्या जनुकीय चाचणीत जंतू सापडले तर नोंद 'जंतू-तपासणीने सिद्ध' अशी होते. जंतू सापडले नाहीत, पण एक्स-रे, लक्षणे आणि डॉक्टरांचा निर्णय यांवरून टीबीचे पूर्ण उपचार सुरू केले, तर ती 'वैद्यकीय निदान' म्हणून होते. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, मणक्याच्या किंवा पोटाच्या टीबीत नमुना मिळणे अवघड असते. अशा वेळी दुसऱ्या प्रकारचीच नोंद होते आणि ती योग्य आहे. मात्र एखाद्या ठिकाणी प्रौढांच्या फुप्फुसाच्या टीबीतही बहुतेक नोंदी फक्त एक्स-रेवर होत असतील, तर तिथे तपासणीला नमुने का जात नाहीत हे पाहायला हवे.

प्रयोगशाळेत टीबी निघाला, पण नोंदीत रुग्णच नाही. असे कसे होते?

दर महिन्याला प्रयोगशाळेचे रजिस्टर आणि निक्षय यांचा ताळा घेतला नाही तर असे होतेच. प्रयोगशाळेचे रजिस्टर उघडा. प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, तारीख, नाव, वय, पत्ता, तपासणी निदानासाठी की पाठपुराव्यासाठी, निकाल आणि शेवटी शेरा. निकालाच्या रकान्यात जंतू आढळल्याची लाल शाईतली नोंद आहे, आणि शेऱ्याचा रकाना कोरा. ना उपचार सुरू झाल्याची तारीख, ना कुठे पाठवले ते. पत्त्यात फक्त गावाचे नाव, मोबाइल दुकानदाराचा. रुग्ण नमुना देऊन गेला, निकाल न्यायला आलाच नाही.

याला उपचारापूर्वीच हरवलेला रुग्ण म्हणतात. याच्या शरीरात जंतू सिद्ध झालेले आहेत, तो खोकतो आहे, घरात इतर माणसे आहेत आणि औषध कोणीच सुरू केलेले नाही. म्हणून एसटीएसने रजिस्टर आणि निक्षय शेजारी ठेवून निदानाची प्रत्येक ओळ जुळवायची, न जुळलेली नावे त्याच दिवशी त्या गावच्या आशाताईंना कळवायची. नमुना घेतानाच पूर्ण पत्ता, घराची खूण आणि दोन मोबाइल क्रमांक लिहून घेतले तर शोध फार सोपा होतो. संपूर्ण नोंद-व्यवस्थेतले एकच काम नीट करायला सांगितले तर मी हे निवडेन.

रुग्ण आमच्या जिल्ह्यातला, निदान दुसऱ्या शहरात झाले. तो कोणाच्या आकड्यात जातो?

निक्षयमध्ये निदान कुठे झाले, सध्या उपचार कुठे चालू आहेत आणि राहण्याचा पत्ता कुठला, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या जातात. त्यामुळे एकच रुग्ण एका अहवालात शहराकडे आणि दुसऱ्यात मूळ जिल्ह्याकडे दिसू शकतो. मोठी रुग्णालये असलेल्या शहरांचे आकडे यामुळे फुगलेले दिसतात.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते बदलीचे काम. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलेला माणूस आजारी पडून गावी परततो, तेव्हा त्याची नोंद नव्याने करायची नसते. आहे तीच नोंद नव्या ठिकाणी वर्ग करायची असते. पाठवणाऱ्याने निक्षयवर बटण दाबून थांबू नये, समोरच्या पथकाला फोन करावा. रुग्ण प्रत्यक्ष पोहोचला आणि गोळ्या सुरू राहिल्या, हे कळेपर्यंत तो पाठवणाऱ्याचाच रुग्ण समजावा. जाताना सोबत थोड्या दिवसांच्या गोळ्या द्याव्यात.

एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ शकते का?

होते. आधी खासगी दवाखान्याने नोंदवलेला रुग्ण पुढे सरकारी केंद्रात येतो आणि तिथे नवा क्रमांक घेतो. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या आडनावाने एकदा, सासरच्या आडनावाने एकदा. 'लक्ष्मी' आणि 'लक्ष्मीबाई'. वयात दोन वर्षांचा फरक. मोबाइल एकदा नवऱ्याचा, एकदा भावाचा. प्रणालीत दुहेरी नोंदी शोधण्याची सोय आहे, पण शेवटचा निर्णय माणसाने फोन करून, विचारूनच घ्यावा. घाईने दोन नोंदी एकत्र केल्या आणि त्या सख्ख्या बहिणी निघाल्या, तर एकीचे उपचार कागदावरून पुसले जातात.

जिल्ह्यात रुग्ण वाढले अशी बातमी आली. रोग पसरतो आहे का?

नुसत्या नोंदींच्या आकड्यावरून हे सांगता येत नाही. नोंदी दोन कारणांनी वाढतात: रोग वाढला म्हणून, किंवा शोध वाढला म्हणून. आपल्याकडे अनेकदा दुसरे कारण असते. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची शोधमोहीम सुरू झाली, तेव्हा लक्षणे नसलेल्या पण जोखीम असलेल्या लोकांचेही एक्स-रे काढले गेले. अशा मोहिमेत नोंदी वाढणे अपेक्षितच असते.

उलट बाजू जास्त धोक्याची आहे. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये तो आकडा १८ लाखांवर आला. टीबी एका वर्षात चौथ्या हिश्श्याने कमी झाला नव्हता. टाळेबंदीत दवाखाने, वाहतूक आणि प्रयोगशाळा अडकल्या, कर्मचारी कोविडच्या कामाला लागले आणि लाखो रुग्ण निदानाविना घरी राहिले. पुढच्या वर्षांत नोंदी पुन्हा वाढल्या, ते त्या वेळी चांगलेच लक्षण होते.

रोग प्रत्यक्षात किती आहे याचा अंदाज वेगळ्या पद्धतीने काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, २०२३ मध्ये १९५. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसली: टीबीची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कुठेच उपचार घेतले नव्हते. दवाखान्यात बसून केलेल्या नोंदीत ही माणसे येणारच नाहीत.

म्हणून आकडा वाचताना सोबत तपासण्या किती झाल्या हे विचारा. समजा, एका तालुक्यात गेल्या वर्षी २००० लोकांची तपासणी होऊन २०० रुग्ण सापडले आणि यंदा १००० तपासण्यांत १५०. रुग्ण ५० ने घटले असे दिसते. पण तपासलेल्यांतले रुग्णांचे प्रमाण १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेले, म्हणजे आपण फक्त जास्त आजारी लोकांपर्यंत पोहोचतो आहोत आणि बाकीचे सुटत आहेत अशी शंका यायला हवी.

'टीबीमुक्त पंचायत' ठरवताना रुग्ण कमी असणे हाच निकष आहे ना?

एकट्याने नाही. हजार लोकसंख्येमागे एक किंवा त्याहून कमी रुग्ण हा निकष आहे, पण त्याच्या जोडीला हजारामागे किमान ३० संशयितांची तपासणी आणि किमान ८५ टक्के उपचार यशस्वी होणे हेही आहे. तपासणीची अट फार विचारपूर्वक घातलेली आहे. प्रमाणपत्राच्या इच्छेने गावातला रुग्ण दुसऱ्या पत्त्यावर नोंदवणे किंवा वर्षअखेरीपर्यंत निदान लांबवणे, हे त्या रुग्णाच्या आणि त्याच्या मुलांच्या जिवाशी खेळणे आहे. सरपंचांनी ग्रामसभेत आधी तपासण्यांचा आकडा मागावा.

'उपचाराचा निकाल' या रकान्यात काय लिहितात?

सुरुवातीला जंतू सिद्ध झाले होते आणि उपचाराच्या शेवटी थुंकी निर्जंतुक निघाली, तर 'बरा झाला'. सगळी औषधे पूर्ण झाली, पण शेवटची तपासणी झालेली नाही किंवा करता आली नाही, तर 'उपचार पूर्ण'. शेवटीही जंतू सापडले तर 'उपचार अपयशी'. सलग एक महिना किंवा जास्त काळ औषध बंद राहिले तर 'पाठपुराव्याबाहेर'. उपचारादरम्यान कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, अगदी अपघातानेही, तरी 'मृत्यू'. मधेच औषधयोजना बदलली तर तशी नोंद, आणि निकाल माहीतच नसेल तर 'मूल्यमापन नाही'. पहिल्या दोन गटांची बेरीज म्हणजे उपचार यशाचे प्रमाण.

हे प्रमाण त्या काळात नोंद झालेल्या सगळ्या रुग्णांच्या गटावर काढायचे असते. औषधाला दाद देणाऱ्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, दाद न देणाऱ्याचा कधी दीड वर्षापेक्षाही लांबतो, म्हणून यंदाच्या रुग्णांचे यश यंदाच मोजता येत नाही.

एक काल्पनिक गट घेऊ. १०० रुग्ण: ६२ बरे, २१ उपचार पूर्ण, ५ मृत्यू, ६ पाठपुराव्याबाहेर, १ अपयशी, १ योजना बदललेला आणि ४ मूल्यमापन नाही. यश ८३ टक्के. आता कोणी म्हणाले की ज्या चौघांची माहितीच नाही ते कशाला धरायचे, आणि ९६ ने भागले, तर तेच यश ८६ टक्क्यांच्या पुढे जाते. एकाही रुग्णाची तब्येत सुधारलेली नाही, फक्त चार माणसे हिशेबातून काढली. म्हणून अहवाल हातात आला की आधी छेद बघावा.

'बरा झाला' आणि 'उपचार पूर्ण' हे वेगळे ठेवण्यामागेही कारण आहे. दुसरा गट फार मोठा असेल तर गोळ्या संपल्यावर शेवटचा नमुना घेतला जात नाही असा त्याचा अर्थ होतो. रुग्णाला बरे वाटत असते, तो रोजंदारी बुडवून परत यायला तयार नसतो. कर्मचाऱ्याने नमुन्याची डबी शेवटच्या गोळ्यांसोबतच घरी पोहोचवली तर हा प्रश्न बराच सुटतो. उपचार संपल्यावरही ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पाठपुरावा करायचा असतो, कारण आजार उलटू शकतो.

रोजच्या गोळ्यांची नोंद कशी होते?

उपचार कार्डावर खूण करून, आशा किंवा घरातल्या उपचार-साथीदाराच्या देखरेखीतून, आणि काही ठिकाणी गोळ्यांच्या पाकिटावरच्या क्रमांकावर मिस्ड कॉल देऊन. मिस्ड कॉल आला याचा अर्थ गोळी पोटात गेली असे नाही. ओळीने सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच दिवशी केल्यासारख्या दिसल्या तर रुग्णाच्या घरी जाऊन शिल्लक गोळ्या मोजाव्यात.

पोषण आहाराचे पैसे नोंदीशी कसे जोडलेले आहेत?

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांनी सुरू झाली. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या उपचारासाठी ३००० रुपयांचे दोन हप्ते मिळतात: पहिला निदान झाल्यावर, दुसरा ८४ दिवसांचे उपचार पूर्ण झाल्यावर. पैसे थेट खात्यात येतात. अडकले असतील तर बहुतेक वेळा खाते क्रमांक, आयएफएससी किंवा खाते बंद पडणे हे कारण असते. पासबुक घेऊन पथकात जा आणि नोंदीतला क्रमांक आकडा-आकडा जुळवून घ्या. खासगी डॉक्टरकडचे रुग्णही यासाठी पात्र आहेत.

घरातल्या इतरांचीही नोंद होते का?

हो. प्रत्येकाची लक्षणे विचारली जातात, गरजेनुसार एक्स-रे व इतर तपासण्या होतात. टीबी नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक उपचार दिला जातो, आणि त्याचीही निक्षयमध्ये नोंद होते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत यात दिरंगाई करू नये.

माझा आजार गावभर कळेल का?

कळता कामा नये. रुग्णांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे, व्हॉट्सॲप गटात टाकणे किंवा सत्काराच्या कार्यक्रमात नावे वाचणे, हे सर्वथा चुकीचे आहे. निक्षय मित्राकडून, म्हणजे रुग्णाला स्वेच्छेने मदत करणाऱ्या व्यक्ती किंवा संस्थेकडून, पोषण आहाराचा डबा हवा की नको हे रुग्णाने ठरवायचे, त्याची संमती घेतल्याशिवाय नाव किंवा फोटो द्यायचा नाही. एचआयव्हीच्या माहितीला २०१७ च्या कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. टीबीमुळे लग्ने मोडली, नोकऱ्या गेल्या, खोली सोडावी लागली अशी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि एकदा असे झाले की त्या वस्तीतला पुढचा रुग्ण तपासणीलाच येत नाही.

पत्रकार किंवा नागरिक म्हणून मला आकडेवारी मागता येईल का?

एकत्रित आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात: तालुकानिहाय तपासण्या, सरकारी आणि खासगी नोंदी, निकालांचे गट, पोषणाचे प्रलंबित हप्ते. व्यक्तीची ओळख उघड होईल अशी माहिती मिळत नाही आणि मागूही नये. छोट्या वाडीचा आकडा 'एक' असेल तर तोही छापू नका, कारण तो एक कोण हे वाडीला लगेच कळते.

माझ्या नोंदीत चूक आहे. दुरुस्त कोण करेल?

निक्षय क्रमांक, ओळखपत्र आणि तपासणीचा कागद घेऊन तुमच्या क्षयरोग पथकातल्या एसटीएसना भेटा. पत्ता, मोबाइल, बँक खाते यांची दुरुस्ती तिथेच होते. निदान, औषधयोजना किंवा निकाल चुकला असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे लागते. तिथे काम झाले नाही तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावरही विचारता येते. दुरुस्ती होईपर्यंत औषध एक दिवसही थांबवू नका. नोंदीत घोळ आहे म्हणून गोळ्या देता येत नाहीत असे कोणी सांगितले, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना गाठा.